सात मिरच्यांची माळ

आमच्या ह्यांचे कागद आता एका संग्रहालयात आहेत. मोठ्या शहरात, लोखंडी कपाटात. गठ्ठे पहिल्यांदा सोडले त्या दिवशी तिथल्या मुली शिंकून शिंकून बेजार झाल्या म्हणे. मुख्य बाईंनी मला पत्र लिहून विचारलं, कागदांना वाळवी लागू नये म्हणून तुम्ही काही औषध मारलं होतं का? मी कळवलं, औषध नाही, मिरची आहे. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. लढाईवर गेलेल्या वार्ताहराच्या कागदांत मिरची कुठून येणार, असं त्यांना वाटलं असेल. मला मात्र ह्यांची आठवण मिरचीवाचून येतच नाही.

माझं माहेर वऱ्हाडातलं, सासर हिंगोलीचं, म्हणजे तेव्हाच्या मोगलाईतलं, इंग्रजांच्या नव्हे तर संस्थानाच्या मुलखातलं. मध्ये पैनगंगा. लग्नाच्या पंगतीत जिलबीचा आग्रह चालला होता, तेवढ्यात नवरदेवानं मोठ्यानं हिरवी मिरची मागितली. वाढप्याला थट्टा वाटली. शेवटी माझे वडील स्वतः परसात जाऊन दोन मिरच्या तोडून घेऊन आले. ह्यांनी त्या देठाला धरून चावून खाल्ल्या आणि नुसते देठ पानाच्या कडेला नीट मांडून ठेवले. माझी मावशी कानाशी लागली, "जावयाचं डोकं लई तापट असंल, बघ माय." मी रात्रभर घाबरून होते. पण त्यांचा आवाज चढलेला मी जन्मात ऐकला नाही. घरातला तापटपणा सगळा माझ्याकडे होता आणि तो अजून आहे.

हे वऱ्हाडातल्या एका वर्तमानपत्राला बातम्या पाठवीत. मोगलाईत राहून तिकडच्या पत्रात लिहिणं म्हणजे विस्तवाशी खेळ, असं सासूबाई म्हणायच्या. लढाई पेटल्यावर त्या पत्रानं ह्यांना ब्रह्मदेशाच्या सीमेवर धाडलं. जाताना त्यांनी माझ्याकडून औषधाच्या बाटलीत तिखट भरून घेतलं, वर कापसाचा बोळा लावून.

तिथून पत्रं यायची ती अर्धी काळी. लष्कराचा माणूस वाचून शाईच्या जाड रेघा मारायचा. गावाचं नाव काळं, तारीख काळी, माणसं काळी. उरायची ती मिरची. "इथली मिरची बोटाच्या नखाएवढी आहे आणि झाडावर आकाशाकडे तोंड करून असते." "आज भातावर तुझं तिखट घातलं, चार जणांनी मागून घेतलं." शेजारणी हसायच्या, नवरा लढाईवर गेला की बाजारात? मी पण हसायचे. मग दार लावून त्या काळ्या रेघा दिव्यासमोर धरायचे. त्यांच्याखाली काय असेल ते काही दिसायचं नाही.

ते परत आले ते एक पत्र्याची पेटी आणि रुमालाच्या गाठीत बांधलेलं बी घेऊन. पेटीत छापून न आलेलं सगळं होतं, त्यांच्या वह्या, कापलेल्या बातम्या, लष्कराचे शिक्के मारलेले परवाने. बी त्यांनी परसात आडाजवळ लावलं. झाडं गुडघ्याएवढी झाली आणि खरंच त्यांच्या मिरच्या वर तोंड करून आल्या. एकदा तिथं बसून देठ खुडताना मी त्यांना विचारलं, "तुमाला तिथं भेव नव्हतं वाटत?"

"वाटायचं की. खंदकात बसलं की दात वाजायचे."

"मग काय करायचे तुमी?"

"मिरची चावायची. तोंड पेटलं की माणसाला दुसरं काही सुचत न्हाई. भेव आपोआप मागं सरतं." आणि त्यांनी एक नखाएवढी मिरची माझ्या हातावर ठेवली. "ठेव जवळ. लागंल तवा चाव."

मी ती पदराच्या गाठीला बांधली. तेव्हा वाटलं नव्हतं की खरंच लागेल.

अठ्ठेचाळीस सालचा पावसाळा मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. संस्थानाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या खेड्यापाड्यांतून फिरत होत्या. आज हे गाव जळालं, उद्या ते लुटलं, अशा बातम्या कुजबुजत यायच्या. आमच्या आळीतली निम्मी घरं रातोरात बैलगाड्या जुंपून नदीपलीकडे निघून गेली. समोरच्यांचं कुत्रं मागं राहिलं, ते रोज त्यांच्या कुलपासमोर बसून असायचं. दिवस मावळायच्या आत आम्ही दारं लावायचो, आणि रस्त्यानं बूट वाजले की सासूबाईंची जपमाळ थांबायची. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना नेणं अवघड. आणि हे म्हणायचे, "समदेच गेले तर लिहिणार कोण?"

कारण ते लिहीत होते. कोणत्या गावात काय झालं, किती घरं गेली, कोण मेलं. हे सगळं नदीपलीकडे पोचवायचं आणि तिथल्या पत्रात छापून आणायचं. सापडलं तर त्यांचा जीव जाणार, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

कागद ने-आण करायची एक कासारीण. पन्नाशीची, काळी, हाडकुळी बाई, डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन खेड्याखेड्यांतून हिंडणारी. बांगड्यांचे जोड रद्दी कागदात गुंडाळलेले असतात. तिच्या पाटीतल्या रद्दीत गावोगावच्या शिकल्या माणसांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या असायच्या. ती आमच्याकडे बसून माझ्या हातात बांगड्या भरायची, तिचे कागद आमच्याकडे राहायचे आणि ह्यांनी लिहिलेले कागद तिच्या बांगड्यांना गुंडाळून जायचे. ती येईपर्यंत ते कागद मागच्या खोलीतल्या मिरचीच्या पोत्यात, अगदी तळाशी, मेणकापडात बांधून ठेवलेले असत. पोतं मी भरायचे. त्यात हात घालायची छाती घरात कुणाला नव्हती.

कासारीण आमच्या आळीत शनिवारी यायची. पण दर शनिवारी आत येणं धोक्याचं, म्हणून ह्यांनी एक खूण ठरवली. युद्धात ते शिकले होते की खूण अशी असावी की बघणाराला खूण वाटूच नये. आमच्याकडे दृष्ट लागू नये म्हणून दारावर लिंबू, बिब्बा आणि सात मिरच्यांची माळ बांधतात, शनिवारी जुनी काढून नवी. ह्यांनी ठरवलं, माळ वाळलेली असली तर कासारणीनं सरळ पुढं जायचं. ताजी हिरवी असली तर आत यायचं. बस्स, एवढंच. सासूबाईंना यातलं सांगितलेलं नव्हतं. त्या दर शनिवारी माळेवरून कुरकुरायच्या आणि मी सांगायचे, लिंबं मिळत नाहीत. "कसला बाजार हा, साधं लिंबू न्हाई," असं म्हणून त्या बाजाराला बोल लावायच्या.

श्रावणातल्या एका गुरुवारी ह्यांना बाजारातून पोलिसांनी धरून नेलं. सांगत आला तो भाजीवाला, तोही दारात न थांबता. मी चौकीवर गेले, मला बाहेरूनच हाकललं. शुक्रवारी पुन्हा गेले. आत कुणीतरी ओरडत होतं. आवाज ह्यांचा आहे की नाही हे मला ओळखता येईना. ती शरम अजून माझ्या मनात आहे, की आपल्या माणसाचं ओरडणं आपल्याला ओळखता आलं नाही. मी पदराच्या गाठीतली मिरची काढून चावली. तोंड पेटलं, डोळ्यांतून पाणी आलं, पण भीती काही मागे सरली नाही. खंदकातलं भेव वेगळं असेल, मला वाटलं.

शनिवारी उजाडलं तेव्हा मी दोन दिवस काही खाल्लेलं नव्हतं. मी अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला. माझी आई संकटात जे करायची ते सगळं मी करत गेले. उंबरा पुसला. परसातल्या साध्या मिरच्यांच्या झाडाच्या सात मिरच्या तोडल्या, एक लिंबू घेतलं, बिब्बा घेतला, दाभणानं काळ्या दोऱ्यात ओवलं, स्टुलावर चढून जुनी माळ काढली आणि नवी बांधली. हात जोडून म्हटलं, माझं कुंकू सांभाळ. सासूबाई ओसरीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "आज बरं सुचलं."

मला त्या क्षणी कासारीण आठवली नाही, खूण आठवली नाही. काही म्हणजे काही आठवलं नाही. खरं तर माझं काम एवढंच होतं की काहीही करायचं नाही. वाळकी माळ दारावर होती, ती राहू द्यायची होती.

थोड्या वेळानं चौकीचे अंमलदार, अमीनसाहेब, आले. दोन शिपाई, आणि त्यांच्या मध्ये हे. एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फुटलेला, हात पुढे दोरीनं बांधलेले. घराची झडती घ्यायला त्यांना सोबत आणलं होतं. आत येताना हे दारात थबकले आणि त्यांनी वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला कळलं मी काय केलं ते.  मी भिंतीला धरून उभी राहिले.

माळ काढावी तर एक शिपाई दाराआडच उभा. आणि कासारीण येणार होती. तिच्या पाटीत जळलेल्या गावांच्या चिठ्ठ्या असणार होत्या, लिहिणाऱ्यांच्या सह्यांसकट. हिरवी माळ बघून ती हसत आत येणार, पाटी उतरवणार, आणि ती, ते गावोगावचे लोक आणि हे, सगळे एकदमच संपणार होते. माझ्या हातानं.

अमीनसाहेबांनी पत्र्याची पेटी उघडायला लावली. "इतने कागज? क्या है ये?"

"लाम के हैं साहेब, लड़ाई के. बरमा के," हे म्हणाले. फुटक्या ओठामुळे त्यांचे शब्द घसरत होते. अमीनसाहेब लष्कराचे शिक्के उलटेसुलटे करून बघत राहिले. इंग्रजी शिक्का बघितला की त्या काळी भलेभले जरा सावरून बसत. त्यांनी पेटी बंद करायला सांगितली. दुसरा शिपाई मागच्या खोलीत गेला. त्यानं मिरचीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, ढवळला, आणि खोकत खोकत बाहेर आला. त्याच हातानं त्यानं डोळा पुसला, मग तर तो आडाकडेच धावला. एरवी मी हसले असते. मी कान रस्त्याकडे लावून होते.

आणि आवाज आला. "बांगड्याऽ घ्या बांगड्या."

आवाज आळीच्या तोंडाशी होता. मग दोन घरं अलीकडे. मग पाटी दारापुढे आली, आणि तिनं वर माळेकडे बघून खुशाल एक पाय पायरीवर ठेवला. शिपाई दाराआड होता, तिला दिसत नव्हता. "वैनी, श्रावणाच्या हिरव्यागार आणल्यात," ती म्हणाली.

आमच्याकडे सवाष्ण बाई कासारणीला नाही म्हणत नाही. हात भरलेला असला तर म्हणायचं, पुढल्या खेपेला ये. बांगडी फुटली तरी वाढली म्हणायचं. आणि तो श्रावण, सणाचा महिना. पण "पुढल्या खेपेला ये" म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं की मी चेष्टा करते, दारावर तर हिरवी माळ होती. मी उंबऱ्यापाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला बांगड्या नकोत. आता मला बांगड्यांचं काम न्हाई."

नवरा माझ्या मागे जिवंत उभा होता, आणि मी हे बोलले.

कासारीण जिथल्या तिथं थिजली. सासूबाई गुडघे विसरून उठल्या आणि त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. "जीभ झडली न्हाई काहून तुही? माहं लेकरू समोर उभं हाय अन् तू काय बोलून राहिली, अवदसे." त्या रडत होत्या, मारत होत्या, आणि मला त्यांचा एक शब्दही खोटा वाटत नव्हता. अमीनसाहेबांनी मान खाली घातली. त्यांच्याही घरी बाई असेल. ते शिपायाला म्हणाले, "उसको जाने दो. तमाशा मत लगाओ." कासारणीनं पायरीवरचा पाय उचलला. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "बरं माय," एवढं म्हणून ती पाटी सावरत गेली. पुढल्या घरापाशी तिनं पुन्हा आरोळी दिली, तेव्हा तिचा आवाज चिरकला.

झडतीत काही मिळालं नाही. तरी ह्यांना नेलंच. दारातून जाताना ते पुन्हा थांबले, बांधलेले दोन्ही हात वर केले आणि माळ ओढून तोडली. शिपायानं काय म्हणून विचारलं. "मिरची खाता हूँ," हे म्हणाले. बाजारात सगळ्यांना त्यांचं हे वेड ठाऊक होतं, शिपाई हसला आणि त्यानं माळ त्यांच्याच खिशात कोंबली. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

दाराला नुसता खिळा राहिला. मी आत जाऊन पोत्याशेजारी बसले. ते माझ्यावर चिडले, याबद्दल मला जराही शंका नव्हती. न चिडणाऱ्या माणसाला मी चिडवलं होतं. आणि वर ते शब्द. त्यापुढचे दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. सासूबाई माझ्या हातचं पाणी घेत नव्हत्या. बूट वाजले की मला वाटायचं, सांगायला आले. भाकरी थापताना बांगड्या वाजल्या की मी हात थांबवायचे. मी मिरची चावायचे, एक, दोन, कधी पाच. जीभ सोलवटून निघाली. भीती तशीच.

भाद्रपदात नदीपलीकडून फौजा आल्या, मोगलाई संपली, आणि हे एका दुपारी स्वतःच्या पायांनी दारात येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, पुढचे दोन दात नाहीत. सासूबाईंनी त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी पाण्याचा तांब्या दिला आणि वाट बघितली. आता विचारतील, माळ काहून बांधलीस? ते पाणी प्यायले आणि त्यांनी विचारलं, "आडाजवळची झाडं हायेत का?"

"हायेत," मी म्हणाले.

त्या दिवाळीत कासारीण आली. तिनं मला पुढं बसवून दोन्ही हात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्यांनी भरले आणि सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. "ह्या न्हाई म्हनल्या अन् मला समजलं. सवाष्णीच्या तोंडून ते निघतंय म्हंजे आत काळ बसलाय."  मग सासूबाईंनी मला पाणी मागितलं.

हे मात्र कधी काही बोलले नाहीत. त्या दिवसानंतर मी दाराला माळ बांधली नाही, सासूबाई होत्या तोवर त्याच बांधायच्या. हे येता-जाता वर बघायचे आणि मी नजर चुकवायचे. सगळा जन्म मी तो प्रश्न येईल म्हणून धास्तावून काढला. पोत्यातले उरलेले कागदही त्यांनी त्याच पेटीत ठेवले होते, ते गेल्यावर ती तशीच संग्रहालयाला दिली. उघडली नाही. त्यात माझ्याबद्दल काही लिहिलेलं असेल, याचीच मला भीती होती.

मागच्या महिन्यात मुख्य बाईंचं दुसरं पत्र आलं. यादी पुरी होत आली आहे, एका वस्तूचा उलगडा होत नाही. एका लिफाफ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं वाळलेलं लिंबू, एक बिब्बा, चार मिरच्या आणि तीन नुसते देठ मिळाले आहेत. सोबत एक चिठ्ठी आहे, ह्यांच्याच अक्षरातली, तिची नक्कल बाईंनी खाली उतरवून पाठवली होती. संदर्भ काय लिहावा, असं विचारलं होतं.

"हिनं भेवानं बांधली. हिला कधी विचारायचं नाही."

मी ती ओळ पुष्कळ वेळा वाचली. तीन देठांवरून माझी नजर हलेना. कोठडीतल्या अंधारात त्यांना तीनदा एवढं भेव वाटलं होतं, आणि त्यांच्या खिशात माझ्या मिरच्या होत्या.

बाईंना मी उत्तर लिहिलं. संदर्भ घरगुती आहे, असं लिहा. आणि देठ टाकू नका.